पान ३७

पहिला दिवस

चार दिवस जंगलात जाण्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे. एक कादंबरी दोन महिने उशाशी पडून होती आणि तिच्यातली खूण ३७व्या पानावरून हलत नव्हती. रोज रात्री पुस्तक उघडायचं, तोच परिच्छेद वाचायचा, आणि तिसऱ्या ओळीपाशी हात आपोआप मोबाइलकडे जायचा. माझं काम आकडे तपासण्याचं. तिथेही तोच रकाना तीनदा तपासून चौथ्यांदा शंका यायला लागली होती. झोप लागायला रात्रीचे दोन वाजायचे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. मग म्हणाले, "चार दिवस कुठेतरी झाडांत जाऊन या." या सल्ल्याचा मला रागच आला. गोळी दिली असती तर निदान काहीतरी हातात पडल्यासारखं वाटलं असतं.

जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिण्यासारखं तिथे काही नाहीच. एक टेकडी, एक ओढा, मध्यम उंचीची दाट झाडी आणि तिच्या कडेला दोन खोल्यांचं जुनं विश्रामगृह. पाहण्यासारखं म्हणून एकही ठिकाण नाही, आणि म्हणूनच निवडलं. धबधबा असता तर मी त्याचा फोटो काढला असता आणि काम झालं म्हणून परत फिरले असते.

बसने फाट्यावर सोडलं. पुढे तासभर पायी. दुसऱ्या वळणावर मोबाइलची रेंज गेली. त्यानंतरही खिशात फोन थरथरल्याचा भास होत राहिला. आधी वाटलं खरंच कुणीतरी करतंय. मग मोजायला लागले. अंधार पडेपर्यंत अकरा वेळा. फोन तर पाठपिशवीत तळाशी होता, खिशात नव्हताच.

एक खेळ म्हणून बसमध्ये बसल्याबसल्या मी पुढच्या गाड्यांचे नंबर वाचून मनात उलटे म्हणत होते. पाच आकडे उलटे येत होते, सहाव्याला घसरत होते. हा खेळ माझ्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात काही जणांना आधी असेच आकडे उलटे म्हणायला लावलं, मग झाडांच्या उद्यानात किंवा शहरातल्या रहदारीच्या रस्त्यावर जवळपास तासभर चालायला पाठवलं, आणि परत आल्यावर पुन्हा आकडे म्हणायला लावले. झाडांतून आलेल्यांना जास्त आकडे जमले. निघण्याआधी मी एवढंच वाचून ठेवलं होतं. आकड्यांची माणसं अशी मनःशांतीसुद्धा रकान्यात मांडायला निघतात.

राखणदार काका सत्तरीच्या आसपासचे. त्यांनी कंदील दिला, पाण्याची घागर दाखवली आणि विचारलं, "एकट्याच?"

"एकटीच."

"मग ओढ्यापलीकडं जाताना सांगून जात जा, ताई. आणि काठी घ्या."

नऊ वाजता आडवी झाले. जंगल शांत असतं असं म्हणणाऱ्यांनी तिथे रात्र काढलेली नसावी. रातकिडे एका सुरात, मध्येच कौलांवर काहीतरी धावल्याचा आवाज, लांबवर घुबड. घरी वाहनांच्या आवाजात ढिम्म न हलणारी मी प्रत्येक खसखशीला डोळे उघडत होते. एक वाजला असेल. पहिली रात्र वाईट गेली हे स्पष्ट लिहून ठेवते.

दुसरा दिवस

पहाटेपासून पाऊस. पावसाळा सरत आला म्हणून मी रेनकोट आणला नव्हता. छत्री होती, पण झाडीत छत्री म्हणजे फांद्यांशी भांडण.

सुरुवातीच्या थेंबांबरोबर वास आला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. आपल्याकडे मृद्गंध हा शब्द आहेच. इंग्रजीत त्याला नाव मिळालं ते १९६४ साली. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन वैज्ञानिकांनी ग्रीक शब्द जोडून 'पेट्रिकोर' असं नाव केलं. कोरड्या काळात दगडमातीत मुरलेली वनस्पतींची तेलं त्यात असतात आणि मातीतले जिवाणू तयार करतात ते जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं. माणसाचं नाक या जिओस्मिनच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे. एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी ते आपल्याला कळतं. थेंब मातीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि तो वास हवेत उडवतात. हे माहीत असूनही दाराशी उभी राहून मी लहान मुलीसारखी नाक फेंदारून श्वास घेत होते. पण पंधरा मिनिटांत वास विरला आणि मी पुन्हा वैतागले.

कारण माझा बेत होता. दिवसाला दोन तास. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ साली एक निष्कर्ष मांडला गेला की आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत बरी आणि मन समाधानी असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. ही मिनिटं एका दमात घ्या की तुकड्यातुकड्यांनी, फरक पडत नाही. त्याहून कमी घेणाऱ्यांत मात्र तसा फायदा दिसला नाही. या आकड्याला मी भलतीच भुलले होते. खरं तर माझ्यासारखीने आधी विचारायला हवं होतं की बाहेर जाऊन माणसं बरी राहतात की बरी असतात म्हणून बाहेर जातात. पण त्या दिवशी मला १२० हवे होते. चार दिवसांत चौपट हप्ता भरून घेऊ, असा हिशोब.

म्हणून पाऊस थोडा थांबल्यावर निघाले. काठी न घेता. काकांना न सांगता. दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत. झाडं बाजूने जात होती आणि मी मनात कचेरीतल्या एका पत्राला उत्तर देत होते, तिसरा मसुदा चालू होता. मोजून चाळिसाव्या मिनिटाला लक्षात आलं की पायवाट संपली आहे. मागे वळून पाहिलं तर मागेही नव्हती. सगळीकडे सारखीच ओली, हिरवी, निर्विकार झाडी. घाबरून भराभर उतारावर निघाले आणि शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला. गुडघा सोलला, तळहात सोलला, घड्याळाची काच फुटली.

मग बसूनच राहिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. दगडावर बसले तेव्हा डाव्या बाजूने पाण्याचा आवाज येतोय हे कळलं. म्हणजे इतका वेळ येतच होता. त्या आवाजाच्या रोखाने गेले तर दीडशे पावलांवर ओढा, आणि ओढ्याच्या काठाने वर विश्रामगृह. मी हरवले होते ती जागा खोलीच्या खिडकीतून दिसत होती.

काका गुडघ्याकडे बघून म्हणाले, "काठी घ्या म्हणलं होतं."

"हो काका. चुकलं."

"आता दोन दिवस फिरायचं राहू द्या. इथंच बसा की. झाडं काय इथं न्हाईत?"

दुपार खिडकीशी गेली. गुडघ्याला पट्टी, समोर एक मोठं झाड, पानांवरून ओघळणारं पाणी. आडवं पडून झाडाकडे पाहण्यावर तर एक प्रसिद्ध अभ्यासच आहे. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो छापला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या त्यांनी २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी जेमतेम ८ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे जवळपास पाऊण दिवस जास्त राहिले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही जास्त लागली. रुग्ण मोजकेच, त्यामुळे फार नाचू नये. पण माझ्या कचेरीतल्या टेबलासमोर भिंत आहे, ती आठवलीच.

संध्याकाळी पुन्हा आकडे उलटे म्हणून पाहिले. पाचच.

त्या मिशिगनच्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र तेव्हा आठवली आणि थोडा धीर आला. काही जणांना कडाक्याच्या थंडीत चालायला पाठवलं होतं. त्यांना ते फिरणं अजिबात आवडलं नव्हतं, तरी आकडे त्यांचेही सुधारले. म्हणजे रमायलाच हवं, प्रसन्न वाटायलाच हवं अशी सक्ती नाही. हे मला फार मोलाचं वाटलं. स्वतःला जपण्याच्या नावाखाली आनंदी होण्याचंही एक काम आपण अंगावर घेतो आणि ते नाही जमलं की आणखी एका परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं. माझी एक मैत्रीण नैराश्यावर औषधं घेते. तिला कुणीही उठून "मोकळ्या हवेत जा, बरं वाटेल" म्हणतं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मला आता समजतं. हवा हवेच्या जागी, औषध औषधाच्या.

त्या रात्री साडेदहाला झोप लागली असावी. घड्याळ फुटलं होतं, नक्की सांगता येत नाही.

तिसरा दिवस

उजेडाने जाग आली. खिडकीला पडदा नव्हता.

झोपेचं हे गणित त्यातल्या त्यात खात्रीचं आहे. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरांत आठ जणांना आठवडाभर तंबूत ठेवलं होतं. विजेरीसुद्धा नाही, फक्त ऊन आणि शेकोटी. २०१३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन त्यांच्यात सुमारे दोन तास लवकर पाझरायला लागलं. उशिरा झोपणारे आणि लवकर झोपणारे यांच्यातलं अंतरही कमी झालं. खोलीतला दिवा कितीही लख्ख वाटला तरी तो काहीशे लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), आणि बाहेर ढगाळ दिवसही हजारो लक्सचा. आपल्या डोळ्यांना दिवसा पुरेसा दिवस मिळत नाही आणि रात्री पुरेशी रात्र. यात अध्यात्म काही नाही. घड्याळाला किल्ली द्यावी तसं आहे.

गुडघा आखडला होता, त्यामुळे फिरणं बंदच. काका म्हणाले होते तसं ओढ्याकाठच्या झाडाखाली जाऊन बसले. पुस्तक बरोबर नेलं, उघडलं नाही.

पहिला तासभर कंटाळा. खरा, जाड, अंगावर बसणारा कंटाळा. मोबाइल असताना हा आपल्या वाट्याला येतच नाही, दर वेळी दारातूनच परत पाठवलेला असतो. तो बसून राहिला, मीही बसून राहिले. मग कधीतरी डोळे आपण होऊन इकडेतिकडे चरायला लागले. खोडावर राखाडी-हिरवे ठिपके होते. दगडफूल. एक बुरशी आणि एक शैवाल यांचा संसार. बुरशीने घर द्यायचं, शैवालाने उन्हातून अन्न करायचं. वर्षाला काही मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी वाढतं. तळहाताएवढा ठिपका कदाचित माझ्याहून वयाने मोठा असेल. मुंग्या खाली येत होत्या, वर जाणाऱ्यांशी मिशा लावून पुढे जात होत्या. प्रवाहात एक पान भोवऱ्यात अडकून फिरत होतं. ते सुटेल का, एवढ्याचीच काळजी मला काही वेळ होती. सुटलं.

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने यावर पुष्कळ लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं की लक्ष दोन तऱ्हांचं. एक आपण जोर लावून धरून ठेवतो: रकाने तपासताना, रहदारीत, मीटिंगमध्ये. ते दमतं. दुसरं आपण होऊन जातं: ढगांकडे, पाण्याकडे, हलत्या पानांकडे. त्याला जोर लागत नाही, आणि ते चालू असतं तेवढा वेळ पहिलं विसावा घेतं. मोबाइलही लक्ष ओढून घेतोच की, मग त्याने विसावा का मिळत नाही? माझ्यापुरतं उत्तर असं की तो ओढून घेतो आणि वर काहीतरी मागतो. उत्तर दे, आवडलं का सांग, पुढचं बघ. भोवऱ्यातल्या पानाला माझं मत नको होतं.

संध्याकाळी व्हरांड्यात बसले होते तेव्हा खांब आणि पन्हळ यांच्यामध्ये एक कोळीण कामाला लागली. सकाळी तिथेच विरलेलं, भोकं पडलेलं जाळं पाहिलं होतं. आता त्यातले जेमतेम चारदोन धागे उरले होते. जाळं विणणारे अनेक कोळी जुनं रेशीम खाऊन टाकतात आणि त्यातूनच नवं विणतात. मी खुर्ची सरकवून हातभर अंतरावर गेले. आधी वरचा पूल आणि चौकट. मग मधून बाहेर अशा आऱ्या. एक इकडे, एक तिकडे, ताण सांभाळत. आऱ्या झाल्यावर मध्यापासून बाहेर एक सैल गोलगोल धागा टाकत ती कडेपर्यंत गेली. मला वाटलं झालं. पण कडेवरून ती उलटी फिरली आणि आता बाहेरून आत, अगदी दाट वेढे घ्यायला लागली. हा खरा चिकट धागा. दर आरीवर थांबायची, पुढच्या पायाने आधीचा वेढा चाचपायची, मागच्या पायाने नवा धागा चिकटवायची, पुढे. आणि जाताजाता तो आधीचा सैल धागा तोडून टाकत होती. परांची होती ती! भिंत उभी राहीपर्यंतच लागणारी. हे सगळं जवळपास अंधारात, डोळ्यांवर फारशी भिस्त न ठेवता, पायांच्या मापाने. शेवटी ती मधोमध उलटी लटकून बसली, आठही पाय आऱ्यांवर ठेवून.

काका कंदील घेऊन आले. "जेवायचं न्हाई का आज? दोनदा हाक मारली."

"ऐकूच आली नाही, काका."

त्यांनी जाळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कंदील जाळ्यापासून लांबच्या खिळ्याला लावला.

रात्री ढग फाटले. अंगणात चटई टाकून पडले. बुबुळ अंधाराला काही क्षणांत सरावतं, पण डोळ्याच्या पडद्यातल्या, अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींना पुरतं जागं व्हायला वीस-तीस मिनिटं तरी लागतात. आधी पंधरावीस तारे होते, मग मोजता येईनात. कृत्तिका वर आल्या होत्या. देवयानी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा दूरचा एक प्रचंड समूह, शोधायची म्हणून मी उत्साहाने मोबाइलमधला आकाशाचा नकाशा उघडला आणि पडद्याच्या त्या पांढऱ्या झोताने अर्ध्या तासाची कमाई क्षणात घालवली. स्वतःला चार शब्द सुनावून पुन्हा अर्धा तास डोळे मिटून पडले. नंतर दिसली. म्हणजे थेट पाहिलं तेव्हा नाही दिसली. दृष्टीच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतात, त्यामुळे अंधुक गोष्ट बघायची तर नजर तिच्या किंचित शेजारी ठेवावी लागते. मी शेजारच्या ताऱ्याकडे पाहत राहिले तेव्हा कडेला एक धुरकट डाग उमटला. २५ लाख प्रकाशवर्षं अंतरावरचा. नजर तिकडे नेली की पुसला जायचा, काढून घेतली की हजर.

आकडे उलटे म्हणायचे राहून गेले.

चौथा दिवस

आवरणं, अंथरूण घडी करून ठेवणं, गुडघ्याची पट्टी बदलणं. जाळं दवाने भरलं होतं. त्यात एक चिलट आणि एक वाळकं पान. काकांनी फाट्यापर्यंत चालायला काठी दिली आणि सांगितलं, "फाट्यावर झाडाला टेकवून ठेवा, मी आणीन नंतर." मी म्हटलं, "येते काका." ते "या" म्हणाले आणि झाडायला लागले.

उतरताना दुसऱ्या वळणावर थांबले. इथून रेंज सुरू होते हे माहीत होतं. फोन पिशवीच्या तळाशी होता आणि तिथे तो सुरू झाला, कारण पाठीला तो थरथरल्याचं जाणवलं. या वेळी भास नव्हता. बराच वेळ थरथरत राहिला. काढला नाही, पण काढायचा नाही असा काही निश्चयही केला नव्हता. पिशवी उतरवायचा कंटाळा आला होता एवढंच.

बसला उशीर होता. एक ट्रक गेला त्याचा नंबर सहज उलटा म्हटला, पुढचा आणखी मोठा करून पाहिला. सहा आले. सात नाही. एका माणसाची चार दिवसांची मोजणी, त्यातही एका दिवसाची नोंद नाही. यावरून कुणी काही सिद्ध करायला गेलं तर मीच ती फाइल परत पाठवीन.

बसमध्ये खिडकी मिळाली. कादंबरी काढली, ३७वं पान उघडलं. तो परिच्छेद पाठच होता. पुढे गेले, ३८, ३९, आणि लक्षात आलं की यातली माणसं कोण कुणाची, ही बाई का रडतेय, हे घर कुणाचं, मला काहीच माहीत नाही. आधीची छत्तीस पानं मी नुसती डोळ्यांखालून घातली होती. खूण काढून खिशात ठेवली आणि पहिल्या पानापासून सुरू केलं.

अकराव्या पानावर फोन वाजला. कचेरीतून होता. मी उचलला.